तांबडी टिकली

"दोन महिनेसुद्धा झाले नाहीत ओ दिगंबरशेठ, आणि बंद पडला बघा," असं म्हणत महांतेश जंगमनं हेडफोनचा खोका माझ्या काउंटरवर ठेवला.

त्याच्या मागं त्याचे वडील उभे होते. गुरुपादआप्पा. आमच्या जयसिंगपुरात त्यांना या नावानं कुणी ओळखत नसे, सगळे 'जंगम कंपाउंडर' म्हणत. डॉक्टर कुलकर्ण्यांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं त्यांनी औषधं बांधून दिली होती. लहानपणी माझी आई मला रिकामी बाटली देऊन त्यांच्याकडे पाठवायची. ते खिडकीतून हात काढून बाटली घ्यायचे, गुलाबी औषध गळ्यापर्यंत भरायचे आणि डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून परत द्यायचे. बाटलीच्या बाहेर कधी एक थेंब ओघळलेला बघितला नाही. आता त्याच हातांना कंप सुटला होता. एका हातानं दुसरा हात धरून ते उभे होते.

"चालू करून बघितला का?" मी विचारलं.

"सगळं केलं. सेल बदलले, टीव्हीची वायर काढून परत लावली. नुसती घरघर येती. काल तीपण थांबली." महांतेशनं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. "हे तुमचं बिल, हे कार्ड. वर्षाची वॉरंटी आहे. तुमचाच शिक्का आहे."

कार्ड अगदी कोरं करकरीत होतं, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. माझ्या दुकानातून गेलेली शंभरातली नव्वद कार्डं गिऱ्हाइकाच्या घरी पोचायच्या आत हरवलेली असत आणि खरं सांगायचं तर आम्हा दुकानदारांचा अर्धा धंदा त्या हरवण्यावरच चालायचा. पण कंपाउंडरच्या घरातला कागद कसा हरवणार?

"त्याचं काय आहे," आप्पा म्हणाले, "नातीचा अभ्यास असतो. मला ऐकू येत न्हाई म्हणून टीव्हीचा आवाज मोठा करायचा, मग तिचं ध्यान जातंय. हे कानाला लावलं की ती पण गप, मी पण गप."

मी म्हणालो, "बसा आप्पा. आत नेऊन बघतो."

आत म्हणजे फळीच्या पडद्यामागं. तिथं माझं छोटं टेबल होतं. हेडफोनच्या उजव्या वाटीवरचं झाकण मी काढलं. सेलच्या खाली, एका कोपऱ्यात, साबुदाण्याएवढी एक पांढरी टिकली चिकटवलेली असते. पाणी लागलं की ती तांबडी होते आणि तांबडी झाली की वॉरंटी संपते, असं कार्डाच्या पाठीमागं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. आप्पांच्या हेडफोनमधली टिकली दुधासारखी पांढरी होती. आतली एक तार टाक्यातून सुटलेली मला उघड्या डोळ्यांनी दिसत होती. माल सदोष होता, बाकी काही नाही.

त्या खेपेचे चार हेडफोन त्याच महिन्यात माझ्याकडे परत आले होते आणि चारही मी निमूट बदलून दिले होते. कंपनीचा माणूस सांगलीहून आला तेव्हा त्यानं ते नेले, पण जाताना म्हणाला, "शेठ, आता यापुढचे तुमचे तुम्ही बघा." कसं बघायचं तेही त्यानंच दाखवलं होतं. बोट जिभेला लावायचं, नोटा मोजताना लावतात तसं, आणि टिकलीवर क्षणभर टेकवायचं. तो हे सांगताना हसला होता आणि मीही हसलो होतो.

पडद्यामागं मी बोट जिभेला लावलं.

तोवर मी असं कधी केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण पहिल्यांदाच केलं म्हणून काय झालं? हात अडखळलासुद्धा नाही. टिकली हळूहळू कडेकडेनं तांबडी होत गेली. मी बोट पँटला पुसलं आणि बाहेर आलो.

"पाणी गेलंय यात," मी म्हणालो. "हे बघा."

महांतेशनं वाकून बघितलं. मी कार्ड उलटं करून ती बारीक अक्षरं त्याच्यासमोर धरली. त्यानं ती वाचलीसुद्धा नाही. तो सरळ वडिलांकडं वळला.

"सांगत होतो का नव्हतो? तांब्या जवळ घेऊन बसू नका म्हणून?"

"पाणी न्हाई लागलं रे त्याला," आप्पा म्हणाले.

"मग ही टिकली काय उगंच तांबडी झाली?"

"मी काढून ठेवतो की पाणी पिताना. खुंटीला अडकवतो. रोज."

"आप्पा, हे मशीन आहे. ते काय खोटं बोलतंय होय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. दवाखान्यात लोक डॉक्टरांच्या तोंडाकडं बघतात तसं ते बघत होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं की आप्पा, थांबा, माझी बघण्यात चूक झाली. मी म्हणालो, "होतं असं वयामुळं. लक्षात राहत नाही माणसाच्या."

हे वाक्य मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

आप्पांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "लागलं असंल मग."

वर मी शहाणपणा केला. नवा घेणार असाल तर कमी करून देतो म्हणालो. महांतेश म्हणाला, "तुम्ही तरी किती करणार? चूक आमचीच." दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यानं बापाचा दंड धरला होता. पाच मिनिटांपूर्वी पायऱ्या चढताना आप्पा एकटे चढले होते. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनाशी म्हणत मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलो.

आठवड्यानं, दुपारी दुकानात कुणी नसताना, आप्पा एकटेच आले. चोराच्या मनात चांदणं. मी आधी त्यांच्या हातातली ती प्लॅस्टिकची पिशवी बघितली. ग्राहक पंचायतीचे पाटील सर त्यांच्याच गल्लीत राहत. त्यांनी आप्पांना सांगितलं असणार, मी मनात म्हटलं, की पाणी गेलं हे दुकानदारानं दाखवून द्यायचं असतं, नुसती टिकली दाखवून भागत नाही. आता तक्रार होणार, नोटीस येणार, पेपरात नाव येणार.

"बसा आप्पा. पाणी देऊ?" मी म्हणालो, आणि पाणी हा शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

"नको." ते स्टुलावर बसले. "भांडायला आलो न्हाई. त्या पाटलानं सांगितलं, अर्ज करू या, बदलून मिळतंय. मी म्हटलं, मला बदलून नको. मला फकस्त एक विचारायचंय."

"विचारा की."

"टिकली तांबडी झाली म्हंजे पाणी कधी लागलं, किती लागलं, हे कळतं काय?"

"ते कसं कळणार?"

"न्हाई ना?" त्यांनी मान हलवली. "मी घरी प्रयोग केला दिगंबर. पेला भरून घेतला आणि टीव्हीपुढं बसलो, रोज बसतो तसा. हात कापतोय, पाणी सांडतंय, हे मला मान्य. पण सांडतं कुठं? मांडीवर. धोतर भिजतं. चार वेळा करून बघितलं, चारी वेळा मांडीवर. आता तू सांग, कानाला लावलेल्या वस्तूत पाणी वर कसं चढणार?"

चाळीस वर्षं मापानं औषध ओतलेला माणूस होता तो. त्यानं माझं खोटं मोजून माझ्यासमोर ठेवलं होतं. आणि त्याला ते खोटं आहे हे ठाऊकच नव्हतं, तो स्वतःचीच चूक हुडकत होता.

"आप्पा, कशाला एवढा विचार करताय? एका हेडफोनसाठी..."

"हेडफोन गेला चुलीत." ते पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. "बातम्या न्हाई ऐकल्या म्हणून मी मरत न्हाई. नातीला, ईश्वरीला शाळेत सोडायचं काम माझं होतं. दुसरीत आहे ती. सांगली रस्ता ओलांडून पलीकडं न्यायची, बाईंच्या हवाली करायची, एवढंच. तीन वर्षं केलं, बालवाडीपास्नं. हात कापतो तरी पोरीचा हात घट्ट धरता येतो, तेव्हा कापत न्हाई तो. महांतेश कधी काय बोलला न्हाई. आता म्हणतोय, आप्पा, हात कापला तर कापू दे, पण पाणी सांडलेलं तुम्हाला आठवत न्हाई आणि वर न्हाई म्हणून सांगता, तर तुमच्या हातात पोर द्यायची कशी? शेजारच्या बाईला लावून दिलंय परवापास्नं."

मी काउंटरवरची काच पुसायला लागलो. ती स्वच्छच होती.

"त्याचं चूक न्हाई," आप्पा म्हणाले. "त्याची आई शेवटी शेवटी असंच करायची. गॅस चालू ठेवायची आणि न्हाई म्हणायची. त्यानं बघितलंय ते सगळं. म्हणून मी तुला विचारतोय. दोनच गोष्टी असू शकतात बघ. एक तर पाणी लागलं न्हाई आणि मशीनचंच काहीतरी बिघडलं. न्हाईतर पाणी लागलं आणि माझ्या ध्यानात न्हाई. पहिलं असंल तर मी बरा हाय. दुसरं असंल तर मी डॉक्टरकडं जातो आणि पोरीचं नाव काढत न्हाई. तू आत उघडून बघितलंस. तुझ्याशिवाय सांगणारं कोण हाय?"

एवढं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. कसाबसा म्हणालो, "दमट हवेनं पण होती कधी कधी टिकली तांबडी."

आप्पांचा चेहरा एकदम उजळला. आजही तो चेहरा आठवला की मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

"खरं?" ते म्हणाले. "हवेनं होती?"

"होऊ शकती."

"मग तेवढं लिहून दे." त्यांनी घाईघाईनं पिशवीतून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "ह्याच्यावरच लिही. पाणी सांडल्यानं न्हाई, हवेनं झालं. सही कर, शिक्का मार. मी महांतेशला दाखवतो. शिक्क्याचा कागद त्याला पटतो."

मी पेन हातात घेतलं. एक ओळ लिहायची होती. पण मनातला दुकानदार लगेच जागा झाला. लेखी दिलं की वॉरंटी उभी राहिली. ते पाटलांच्या हाती लागलं की पाटील विचारणार, मग आठवड्यापूर्वी नाही का म्हणालात? आधीचे चार कसे बदलले? टिकली नक्की झाली कशी? एका ओळीतून माझं बोट, माझी जीभ, सगळं बाहेर येणार. मी पेन खाली ठेवलं.

"तसं लेखी देता येत नाही आप्पा. कंपनीचा नियम आहे."

"असा कसा नियम?"

"आहे तसा. पण मी काय म्हणतो, नवा हेडफोन घेऊन जा तुम्ही. एक पैसा देऊ नका. माझ्याकडून."

"फुकट देतोस, पण लिहून देत न्हाईस?"

"हो."

आप्पांनी कार्ड उचललं. मला वाटलं, आता त्यांना कळलं. आता ते उठतील आणि म्हणतील, दिगंबर, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का? तसं ते म्हणाले असते तर मी सुटलो असतो. पण ते कार्ड परत पिशवीत घालू लागले. हात इतका कापत होता की कार्ड पिशवीच्या तोंडात जाईना. मी मदतीला हात पुढं केला तर "असू दे, असू दे" म्हणाले.

"तू मनाला लावून घेऊ नको," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून तू हवेचं बोललास. समजलं मला. म्हंजे पाणी लागलंच होतं."

मी 'नाही' म्हणालो नाही.

ते पायऱ्या उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. दुपारची वेळ होती, वाहनं तुरळक होती. एक ट्रक गेला, एक एसटी गेली, मग रस्ता चांगला मोकळा होता, तरी ते उभेच. एक पाऊल पुढं टाकत आणि मागं घेत. शेवटी पेरू विकणाऱ्या बाईनं पाटी खाली ठेवली आणि त्यांचा हात धरून पलीकडं सोडलं. मी दुकानातून बघत होतो. मी जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. मनात एकच वाक्य घोळत होतं. 'आप्पा, पाणी तुम्ही नाही सांडलं, मी लावलं.' एवढंच सांगायचं, मग ते थोबाडीत मारोत नाहीतर पाटलांना सांगोत. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी नवा हेडफोन घेतला, दुसऱ्या खेपेचा, चांगला वाजवून बघितलेला, आणि अकराव्या गल्लीत त्यांच्या घरी गेलो.

वाटेत ते वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की मला ते पाठ झालं होतं.

दार महांतेशनं उघडलं. "या या दिगंबरशेठ! आज इकडं कुठं?"

आप्पा खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. गुडघ्यावर टॉवेल पसरलेला होता. त्यांच्या आसपास तांब्या नव्हता, पेला नव्हता, काही नव्हतं. ईश्वरी जमिनीवर बसून पाढे लिहीत होती. मला बघून आप्पा उठू लागले, तसा महांतेश पटकन म्हणाला, "बसा, बसा, पडाल." आणि ते बसले.

"डॉक्टरांना दाखवलं परवा," महांतेश हळू आवाजात मला म्हणाला. "स्मरणाची गोळी सुरू केलीय. आता म्हणतात, मला आठवतंय, पाणी सांडलं होतं."

"आठवतंय म्हणाले?"

"हो. आधी कबूलच करत नव्हते."

मी आप्पांकडं वळलो. तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं, पहिला शब्द 'आप्पा' बाहेरसुद्धा पडला. ईश्वरीनं पाढे थांबवून माझ्याकडं बघितलं. महांतेश बघत होता, आतून त्याची बायको चहाचा कप घेऊन आली होती. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं वाटणारा माणूस शेवटी काय करतो? मी खोका पुढं केला आणि म्हणालो, "आप्पा, कंपनीनं बदलून दिलाय. मी पाठपुरावा केला. खास बाब म्हणून दिला त्यांनी."

"अरे वा!" महांतेशला मनापासून आनंद झाला. "बघा आप्पा. चूक आपली असताना बदलून दिला. अशी माणसं राहिली नाहीत आता. नमस्कार करा त्यांना."

आप्पांनी मला हात जोडले. जोडलेले हात कापत होते आणि ते मान खाली घालून हसत होते, सांभाळून घेतलेल्या मुलासारखे.

"असू दे आप्पा," मी म्हणालो. "घ्या."

त्यांनी लगेच घेतला नाही. गुडघ्यावरचा टॉवेल उचलला आणि आधी उजवा हात पुसला, मग डावा. तळवा पुसला, पाठ पुसली, एकेक बोट धरून पुसलं. हात मुळात कोरडेच होते. खोलीत पाणीच नव्हतं. तरी त्यांनी सगळं सावकाश केलं, आणि मग दोन्ही तळवे उघडून माझ्यासमोर धरले.

"बघ दिगंबर," ते म्हणाले. "कोरडे हायत न्हवं?"

मी वाकून बघितलं. "हो आप्पा," म्हणालो, आणि खोका त्यांच्या हातात ठेवला.